मूल सांभाळायला बाई ठेवणं परवडेल का? घरचं उत्पन्न आणि नॅनीचा खर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतपणाची रजा संपत आली की घरोघरी हाच विषय निघतो. खाली आकडे दिलेत ते कुठल्याही चलनाचे नाहीत. १०० म्हणजे तुमच्याकडचे जे काही असतील ते १००. नॅनी, आया, दाई, सांभाळणारी बाई, मावशी, जो शब्द तुमच्या घरात चालतो तो घ्या. हे काम करणारे पुरुषही असतात, पण बहुतेक ठिकाणी बाईच असते, म्हणून लिहिताना तसंच लिहिलंय.

पूर्णवेळ नॅनी ठेवायला घरचं उत्पन्न किती हवं?

एकच आकडा सांगता येत नाही. पण अडचण कुठे आहे ते सांगता येतं. नॅनीचा पगार म्हणजे एका माणसाचा अख्खा पगार, आणि तो तुम्ही तुमच्या पगारातून देता. तोही कर कापून हातात आलेल्या पैशातून. तुम्हा दोघांचं मिळून हातात येणारं उत्पन्न आणि तिचा पगार यांत मोठं अंतर असेल तरच हे गणित बसतं. ज्या समाजात पगारांमधली दरी कमी, तिथे नॅनी ही चैन ठरते. जिथे दरी मोठी, तिथे मध्यमवर्गालाही ती परवडते. ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

अमेरिकेच्या आरोग्य आणि मानवसेवा विभागाने २०१६ मध्ये सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांसाठी एक मापदंड घातला : बालसंगोपनावर कुटुंबाने उत्पन्नाच्या ७ टक्क्यांपर्यंत भार उचलणं म्हणजे ‘परवडणारं’. तो नॅनीला लावून बघा. तिच्यावरचा खर्च १०० असेल तर घरात १,४०० च्या वर यायला हवेत. म्हणजे या मोजमापाने जवळजवळ कुणालाच पूर्णवेळ नॅनी परवडत नाही, आणि तरीही लोक ठेवतात, कारण काही वर्षं ओढाताण सोसायची त्यांची तयारी असते.

माझा स्वतःचा ठोकताळा वेगळा आहे. हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शापर्यंत खर्च जात असेल तर निर्धास्त ठेवा. तिसऱ्या हिश्शापर्यंत जात असेल तर ठेवा, पण किती महिने ते आधी ठरवून, आणि बचत पूर्ण थांबू न देता. त्यापुढे गेलात तर दर महिन्याला काहीतरी मोडावं लागेल, आणि शेवटी बहुधा मोडते ती बाईच्या पगाराची तारीख. तसं होणार असेल तर दुसरा मार्ग शोधलेला बरा.

हिशेब कागदावरच्या पगारावर करायचा की हातात येणाऱ्या?

हातात येणाऱ्या. वाढीव कमाईवर तुम्हाला २० टक्के कर लागत असेल तर नॅनीला १०० द्यायला तुम्हाला १२५ कमवावे लागतात. ३० टक्के लागत असेल तर १४३. नोकरी बदलून ‘नॅनीपुरते पैसे जास्त मिळतील’ असं म्हणताना हे हमखास विसरलं जातं. बोनस आणि ओव्हरटाइमही या हिशेबात धरू नका. नॅनीचा पगार दर महिन्याला ठरलेला आहे, तो भागवणारं उत्पन्नही तसंच ठरलेलं हवं.

माझा निम्म्याहून जास्त पगार नॅनीवरच जाणार. मग नोकरी करायची कशाला?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी आईच विचारते, किंवा तिला विचारला जातो. बाबांच्या पगारातून नॅनीचा पगार वजा करून ‘मग तू कामावर जातोस कशाला’ असं कुणी म्हटलेलं ऐकलंय का? मूल दोघांचं, खर्च दोघांचा. पहिली दुरुस्ती ही : वजाबाकी दोघांच्या एकत्रित उत्पन्नातून करा.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. या महिन्याचा हिशेब करू नका, दहा वर्षांचा करा. समजा आज हातात १०० येतात आणि दरवर्षी ८ टक्के वाढ मिळते. नोकरी चालू ठेवली तर पाच वर्षांनी ते १४७ होतात. तीन वर्षं घरी राहून, पुन्हा १०० वरच रुजू होऊन, तशीच वाढ मिळाली तर पाचव्या वर्षाअखेर ११७. म्हणजे तीन वर्षांचा पगार गेला तो गेलाच, वर दरवर्षी ३० चा खड्डा राहिला, आणि टक्क्यांनी होणाऱ्या वाढीत तो रुंदावत जातो. निवृत्तिवेतनासाठी त्या वर्षांत काही जमा होत नाही ते वेगळं. आणि तीन वर्षांनी जुन्याच पगारावर कुणी परत घेईल, हे मी मोठ्या मनाने धरलंय.

हे केवळ कागदी गणित नाही. क्लेव्हन, लांदे आणि सोगार्ड या अर्थतज्ज्ञांनी डेन्मार्कच्या नोंदींवरून २०१९ मध्ये दाखवलं की पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते. पुरुषांच्या कमाईची रेघ मुलामुळे फारशी हलत नाही. सरकारी बालसंगोपनाची उत्तम सोय असलेल्या देशातली ही गोष्ट आहे.

उलट बाजूही खरी आहे. ज्या कामात वाढ नाही, पुढे जायला वाट नाही आणि मनही नाही, अशा नोकरीपायी दोन-तीन वर्षं तोटा सोसण्यात शहाणपण नाही. प्रवास, बाहेरचं खाणं, कामाचे कपडे हे खर्च धरून हातात काहीच उरत नसेल आणि दहा वर्षांनीही उरणार नसेल, तर थांबायला हरकत नाही. फक्त तो निर्णय दोघांनी मिळून घ्या, आणि जो थांबेल त्याच्या नावावर दर महिन्याला काही रक्कम जमा होत राहील अशी सोय त्याच दिवशी करा.

पगार सोडून आणखी काय-काय खर्च येतो?

बहुतेक घरांचा अंदाज इथेच चुकतो. ‘महिना १००’ ठरलं म्हणजे वर्षाला १,२०० एवढंच धरलं जातं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

पगाराचे १,२००. वर्षाअखेरचा एक महिन्याचा बोनस १००. मालक म्हणून तुम्ही भरायची सामाजिक सुरक्षेची (तिच्या म्हातारपणासाठी, आजारपणासाठी जमा होणारी) वर्गणी पगाराच्या १० टक्के धरली तर १२०. (हा दर देशोदेशी फार बदलतो. अमेरिकेत मालकाचा हिस्सा ७.६५ टक्के आहे, युरोपातल्या काही देशांत याच्या कितीतरी पट.) ती भरपगारी सुट्टीवर असताना बदली माणसाचे, समजा, ८०. तिचा प्रवास आणि कामाच्या वेळेतलं जेवण-चहा मिळून ६०. झाले १,५६०, म्हणजे महिना १३०. ठरलेल्या पगाराच्या वर जवळजवळ एक तृतीयांश, आणि यात एजन्सीची फी, पोलिस पडताळणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, सुरुवातीला तुम्ही घरी असतानाच तिला दिलेले दोन आठवडे, रात्री उशीर झाला तर जादा तास, यांतलं काहीच धरलेलं नाही.

म्हणून ‘परवडतं का’ हे १०० वर नाही, १३० वर ठरवा.

एजन्सीची फी तुमची आहे, तिची नव्हे. ती तिच्या पगारातून कापून घेणं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या घरकामगार कराराच्या सरळसरळ विरुद्ध आहे.

पाळणाघर एवढं स्वस्त, मग नॅनी एवढी महाग का?

कारण पाळणाघरात एका माणसाचा पगार अनेक घरांत वाटला जातो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस असा नियम आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पाचांमागे एक. नॅनीकडे तुमचं एकच मूल. तिचा पूर्ण पगार तुमच्याच माथी.

दुसरं कारण जास्त खोल आहे. कारखान्यात यंत्र आलं की तोच माणूस दुप्पट माल काढतो. मूल सांभाळण्याचं काम असं दुप्पट वेगाने होत नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात विल्यम बोवेन यांच्यासोबत याच प्रकारच्या कामांचा विचार केला. त्यांचं उदाहरण संगीताचं होतं : चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसं आणि जितका वेळ घेई, तितकाच आजही घेते. पण वादकांचे पगार इतर क्षेत्रांबरोबर वाढावेच लागतात, नाहीतर वादक उरणार नाहीत. दहा महिन्यांच्या बाळाला भरवण्याचंही तसंच. देशात पगार वाढत जातील तसं हे काम इतर वस्तूंच्या तुलनेत महागच होत जाणार. पूर्वी कसं परवडायचं, असं घरातली मोठी माणसं विचारतात त्याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं असं की पूर्वी या कामाला फार कमी पैसे दिले जात.

मग नॅनी घेण्यात फायदा कधी?

एकापेक्षा जास्त मुलं असतील तेव्हा. पाळणाघर मुलामागे ४० घेत असेल तर एका मुलाचे ४०, दोघांचे ८०, तिघांचे १२०. नॅनीचा खर्च मात्र दुसऱ्या मुलाने थोडासा वाढतो, दुप्पट होत नाही. जुळी असतील तर हा हिशेब पहिल्या दिवशीच करा.

आणि कामाच्या वेळा वेड्यावाकड्या असतील तेव्हा. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिलंय की काही नोकऱ्या उशिरापर्यंत थांबणाऱ्याला, कधीही हाक मारली तरी हजर होणाऱ्याला तासाच्या प्रमाणाबाहेर जास्त पैसे देतात. दोघांच्याही नोकऱ्या तशा असतील तर पाळणाघर बंद व्हायच्या वेळी कुणीच मोकळं नसतं. अशा घरात नॅनीचे जादा पैसे म्हणजे मुख्यतः तिच्या वेळेच्या लवचिकपणाची किंमत. तुमची नोकरी ठरल्या वेळी सुटते? मग जी गोष्ट वापरणारच नाही, तिचे पैसे देताय.

मूल सारखं आजारी पडत असेल तर पाळणाघर त्या दिवशी घेत नाही आणि तुमची रजा जाते. गेलेल्या रजांची किंमत पाळणाघराच्या फीमध्ये मिळवून मग तुलना करा. बऱ्याचदा फरक वाटतो तेवढा राहत नाही.

दोन घरांनी मिळून एक नॅनी ठेवली तर?

माझ्या मते मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी याहून चांगला मार्ग नाही, आणि सर्वांत कमी वापरला जातो तोही हाच. पण खर्च सरळ निम्मा होतो असं समजू नका. दोन घरांची मुलं सांभाळणं हे जास्त काम आहे, त्याचे जास्त पैसे द्यायला हवेत. एका घराचा दर १०० असेल तर प्रत्येक घराने ६० ते ६५ द्यावेत. तुमचे ३५-४० वाचतात, तिला २०-३० जास्त मिळतात. दोघांनी पन्नास-पन्नास देऊन तिला तेवढ्याच पगारात दुप्पट राबवणारी घरंही असतात. तिथे बाई टिकत नाही, आणि त्यात आश्चर्य काय?

भांडणं होतात ती पैशांवरून कमी, बारीकसारीक गोष्टींवरून जास्त. कुणाच्या घरी? दर महिन्याला घर बदलायचं का? एकाचं मूल आजारी असेल तेव्हा दुसऱ्याने पाठवायचं की नाही? एक घर महिनाभर गावाला गेलं तर त्यांचा हिस्सा चालू राहणार का? (राहिलाच पाहिजे.) एका घराला बाहेर पडायचं असेल तर किती आधी सांगायचं? हे मैत्री शाबूत असतानाच कागदावर उतरवा.

तिचा पगार ठरवताना नियम काय असतात?

आधी तुमच्या राज्यातलं किंवा देशातलं घरकामगारांसाठीचं किमान वेतन बघा. त्याखाली जायचं नाही. काही ठिकाणी घरकामाला किमान वेतन लागूच नसतं. तिथे त्याच भागात तेवढ्याच तासांच्या कामाला काय मिळतं त्याची चौकशी करा.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. तो २०१३ मध्ये लागू झाला. सगळ्या देशांनी त्याला मान्यता दिलेली नाही. पण तुमचा देश त्यात नसला तरी घरातला करार लिहायला तो चांगला नमुना आहे. त्यातलं काही : आठवड्यातून सलग २४ तास तरी विश्रांती. पगार ठरल्या वेळी, निदान महिन्यातून एकदा. राहायला घरातच असेल तरी सुट्टीच्या वेळात घरातच थांबण्याची सक्ती नाही. पासपोर्ट आणि ओळखपत्रं तिच्याच ताब्यात. घरात झोपायला असलेली बाई रात्री बाळ उठलं की उठत असेल तर तो वेळ ‘तशीही ती घरातच होती’ म्हणून मोफत धरायचा नाही. हाक आली की उठायचंय अशा तयारीत काढलेला वेळसुद्धा, त्या-त्या देशाच्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत, कामाचाच मानावा असं करार म्हणतो.

कागदपत्रं न करता रोखीने दिले तर दोघांचाही फायदा नाही का?

आज, हो. वाचलेली वर्गणी दोघं वाटून घेऊ शकता. पण ती आजारी पडली, कामावर पडून हात मोडला, म्हातारी झाली, की तिच्याकडे कुठलीच नोंद नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात साडेसात कोटींहून जास्त घरकामगार आहेत, आणि दहापैकी आठ अशा नोंद नसलेल्या कामात आहेत.

तुमच्या बाजूनेही धोका असतोच. १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल पदासाठी (म्हणजे तिकडच्या कायदामंत्रिपदासाठी) झोई बेअर्ड यांचं नाव पुढे केलं होतं. मूल सांभाळायला आणि गाडी चालवायला त्यांनी बेकायदा स्थलांतरित जोडप्याला ठेवलं होतं आणि त्यांची सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरली नव्हती, एवढ्यावरून ते नाव मागे घ्यावं लागलं. तुम्हाला मंत्री व्हायचं नसेलही, पण मागची सगळी थकबाकी दंडासह एकदम भरणं कुणालाच परवडत नाही.

फ्रान्सने हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. घरात कामाला माणूस रीतसर ठेवला तर खर्चाच्या निम्मी रक्कम, ठरावीक मर्यादेपर्यंत, करातून परत मिळते, आणि वर्गणीचा हिशेब सरकारी यंत्रणाच करून देते. तुमच्याकडे बालसंगोपनाच्या खर्चावर करसवलत असेल तर ती बहुधा नोंद केलेल्या खर्चालाच मिळते. ‘रोखीत स्वस्त पडतं’ म्हणण्याआधी ती रक्कम काढून बघा.

परवडेल की नाही हे आधीच कसं तपासायचं?

बाळ यायच्या पाच-सहा महिने आधीपासून नॅनीचा पूर्ण खर्च (तो १३० वाला) दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायला लागा. जणू ती आजच कामावर आहे. दोन महिन्यांत कळतं. पैसे परत काढावे लागले तर परवडणार नाही. नाही लागले तर तुमच्याकडे पाच-सहा महिन्यांच्या पगाराची गंगाजळी तयार. तिला हात न लावता ठेवा. तुमची नोकरी गेली तर बाईला नोटिशीचा पगार द्यायला ती उपयोगी पडेल.

मी एकटी/एकटा पालक आहे. माझं काय?

एकाच पगारातून दुसरा अख्खा पगार देणं फार थोड्यांना जमतं. तुमच्यासाठी क्रम असा : आधी पाळणाघर, मग फक्त त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांपुरती नॅनी, मग दुसऱ्या घराबरोबर वाटून. पण एक गोष्ट तुमच्या बाबतीत जास्त टोकाची आहे. घरात दुसरं उत्पन्न नसल्यामुळे नोकरी सोडण्याचा पर्यायच नसतो. त्यामुळे सांभाळण्यावर उत्पन्नाचा मोठा हिस्सा गेला तरी त्याला उधळपट्टी म्हणता येणार नाही.

आजी-आजोबा सांभाळायला तयार आहेत. तेच सर्वांत स्वस्त ना?

पैशात, हो. पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला धावायला लागलेल्या मुलामागे दहा तास सोडणं बरं नव्हे. मधला मार्ग बरा : अर्धा दिवस बाई, आजी-आजोबा देखरेखीला. मात्र बाईला सूचना एकाच माणसाने द्यायच्या.

बाळ झोपलेलं असतं तेव्हा स्वयंपाक, धुणीभांडी करून घेतली तर खर्च वसूल होईल?

बाळाची भांडी, बाळाचे कपडे, बाळाचं जेवण हे तिचं काम. बाकीचं वेगळं ठरवा, वेगळे पैसे द्या. स्वयंपाकाच्या गडबडीत मुलाकडे दुर्लक्ष झालं तर वसूल काय झालं?

तिच्या घरच्या उत्पन्नाशी आपला काय संबंध?

संबंध आहे. तुमच्या घरात जी वजाबाकी चालते तीच तिच्याही घरात चालते. ती तुमचं मूल सांभाळते तेव्हा तिचं मूल कोण सांभाळतं, आणि त्याला किती जातात? समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी याला ‘जागतिक संगोपन साखळी’ म्हटलं : एका देशातली आई दुसऱ्या देशात जाऊन मुलं सांभाळते, तिची मुलं आणखी कुणी कमी पैशांत किंवा फुकटात सांभाळतं, आणि साखळीच्या शेवटी बहुधा थोरली मुलगी असते. देश ओलांडावा लागतोच असंही नाही, एकाच शहरात ही साखळी तयार होते.

व्यवहारापुरतं बोलायचं तर पगार ठरवताना तिचा जाण्यायेण्याचा वेळ विचारा. दहा तासांचं काम आणि तीन तासांचा प्रवास म्हणजे तिचं मूल तेरा तास दुसऱ्याकडे. तुम्ही अर्धा तास लवकर सोडू शकलात तर तिच्या दृष्टीने ती पगारवाढच असते. तुमच्या सुट्टीचे दिवस तिला महिनाभर आधी कळवलेत तर तीही आपली सोय करू शकते. आणि दुसऱ्या घरातून थोड्या जास्त पगाराचं बोलावणं आलं, की अशा गोष्टींवरच बाई थांबते किंवा जाते.

आमचं उत्पन्न घटलं तर पगार कमी करता येईल का?

दर कमी करू नका, तास कमी करा, आणि तिच्याशी बोलून. आठवड्याचे तीन दिवस ठेवले तर उरलेले दिवस ती दुसरीकडे काम धरू शकते. दर उतरवला तर ती पूर्ण अडकते आणि पैसेही कमी. सोडायचंच असेल तर एक महिना आधी सांगा किंवा महिन्याचा पगार द्या, आणि लेखी शिफारसपत्र द्या. तिच्या पुढच्या नोकरीत त्याचा प्रत्यक्ष पैशात उपयोग होतो.

पगारवाढ कधी आणि किती?

वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, तिने मागायच्या आत. निदान महागाईइतकी, नाहीतर ती पगारकपातच आहे. दुसरं मूल आलं तर त्याची वाढ वेगळी, आणि ती बाळ घरी येतं त्या महिन्यापासून.